ज्वारीची भाकरी, पंधरा टक्के आणि रिसर्च पेपर वाचायचा कसा

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मामांचा फॉरवर्ड आला, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय की रोज ज्वारीची भाकरी खा, शुगर पंधरा टक्के उतरते, खाली भाकरीचा फोटो आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवा म्हणून विनंती. आता सोलापुरात राहून ज्वारीच्या विरोधात कोण बोलणार? आईला बरीच वर्षं शुगर आहे, तिनं दुसऱ्या दिवसापासून पोळी बंदच करून टाकली आणि मला म्हणाली, तू लॅबमध्ये आहेस ना, मग सांग हे खरंय का. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे हे बरोबर, पण माझं काम म्हणजे रक्त काढायचं, मशीनला लावायचं, आकडा आला की रिपोर्ट द्यायचा, भाकरीनं तो आकडा किती हलतो ते मला कुठून माहीत असणार. तरी लाज वाटली म्हणून शोधलं, तर फॉरवर्डच्या मागे खरंच एक पेपर निघाला. तो वाचता वाचता पेपर वाचायचा कसा हेच मला जरा जरा कळायला लागलं, ते इथे लिहितेय. एम.एस्सी. करणारी पोरं, नर्सिंगवाल्या, बी.एड.वाले आणि ज्यांच्या घरात असे मामा आहेत ते सगळे, बघा काही उपयोग होतोय का.

पहिल्या दिवशी मी काय केलं, तर कादंबरी वाचतात तसं पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. दीड पान गेलं असेल, चार शब्द अडले, ते शोधायला गेले तर त्यात आणखी चार अडले, आणि मग मी फोन बाजूला ठेवून भांडी घासायला घेतली. मला वाटलं माझं इंग्लिश कच्चं आहे. ते आहेच, पण अडचण ती नव्हती. पेपर हा वरून खाली वाचायचा प्रकारच नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कॉलेजात सरांनी पेपर "रेफर करा" म्हणून शंभर वेळा सांगितलं असेल, पण समोर बसवून एक पेपर वाचून दाखवला असं एकदाही झालं नाही.

आधी ही वस्तू काय आहे ते बघू. जर्नल म्हणजे मासिकच, फक्त लिहिणारे आणि वाचणारे दोघंही त्याच धंद्यातले. सुरुवात १६६५ सालची, म्हणजे इकडे पुरंदरचा तह झाला ते वर्ष. त्या वर्षी जानेवारीत पॅरिसमध्ये एक आणि मार्चमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचं एक अशी दोन जर्नल्स निघाली. त्याआधी हे अभ्यासक लोक एकमेकांना पत्रं लिहायचे, मी असं करून बघितलं, असं दिसलं, तुम्ही पण बघा. पेपर अजूनही मुळात तसलंच पत्र आहे, आणि ते पत्र आपल्याला लिहिलेलंच नसतं, म्हणून डोक्यावरून जातं. दुसऱ्याच्या घरातलं बोलणं दारात उभं राहून ऐकतोय असं समजा, सुरुवातीला कोण कुणाचं काय लागतं तेच कळत नाही, पण तासभर उभं राहिलं की भांडण कशावरून आहे ते कळतंच.

छापायच्या आधी संपादक तो लेख त्याच विषयातल्या दोन-तीन माणसांकडे तपासायला पाठवतो, त्याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. हे ऐकलं की लोकांना वाटतं सरकारी शिक्का बसला. तसं नाही. ती माणसं बहुतेक वेळा फुकटात, आपापली नोकरी सांभाळून वाचतात आणि प्रयोग पुन्हा करून वगैरे बघत नाहीत, लिहिलंय ते पटतंय का, पद्धत ठीक आहे का एवढंच बघतात. आणि ही प्रथा फार जुनी आहे असंही नाही, नेचरसारख्या नावाजलेल्या जर्नलनं सुद्धा बाहेरच्या लोकांकडून तपासणी सक्तीची केली ती १९७३ मध्ये.

विज्ञानातल्या बहुतेक पेपरचा साचा एकच असतो. सुरुवातीला अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणजे सारांश, मग प्रस्तावना, मग मेथड्स म्हणजे काय केलं कसं केलं, मग रिझल्ट्स, मग डिस्कशन, म्हणजे लेखकांच्या मते याचा अर्थ काय, आणि शेवटी संदर्भांची लांब शेपटी. हे एकदा कळलं की पेपर घरासारखा वाटतो, स्वयंपाकघर कुठे आणि मोरी कुठे हे माहीत असतं. मी आता आधी नाव वाचते, मग सारांश, मग उडी मारून तक्ते आणि आकृत्या, मग मेथड्स, आणि डिस्कशन सगळ्यात शेवटी. प्रस्तावना तर पुष्कळदा वाचतच नाही. विषय नवीन असला तरच वाचायची, कारण आधी कोणी काय काय केलं ते त्यात असतं. पण आकडे बघायच्या आधी डिस्कशन वाचायचं नाही, हा माझा नियम आहे, कारण लेखकानं सांगितलेला अर्थ एकदा डोक्यात बसला की मग आकडे पण तसेच दिसायला लागतात. चादर घेताना आपण घडी उलगडून मागची बाजू बघतो ना, दुकानदार काय म्हणतोय ते नंतर ऐकतो, तसंच.

आता भाकरीचा पेपर घेऊ. जुलै २०२१ मध्ये फ्रंटियर्स इन न्यूट्रिशन नावाच्या जर्नलमध्ये आलेला. हैदराबादजवळ पटनचेरूला इक्रिसॅट म्हणून आंतरराष्ट्रीय संस्था आहे, ज्वारी-बाजरीवर काम करणारी, तिच्या पुढाकारानं झालेलं काम. यांनी स्वतः कुणाला भाकरी खाऊ घातलेली नाही. ११ देशांतले आधीच छापून आलेले ८० अभ्यास गोळा केले, त्यातल्या ६५ अभ्यासांचे आकडे एकत्र करून हिशोब मांडला. असं नियम ठरवून सगळे अभ्यास शोधून काढायचे याला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात आणि आकड्यांची बेरीज-सरासरी करण्याला मेटा अ‍ॅनालिसिस. इथेच मामांच्या फॉरवर्डमधली पहिली गोष्ट सुटली, कारण पेपर ज्वारीवर नाहीच, तो सगळ्या भरडधान्यांवर आहे, त्यात नाचणी आहे, बाजरी आहे, राळं आहे, कोद्रा आहे, आणि त्यात ज्वारी पण आहे.

पंधरा टक्के कुठून आले? सारांशातच आहे. भरडधान्यं दीर्घकाळ खाणाऱ्या डायबिटीसच्या पेशंटमध्ये उपाशीपोटीची शुगर १२ टक्के आणि जेवणानंतरची १५ टक्के कमी झाली. म्हणजे फॉरवर्डवाल्यानं दोन आकड्यांतला मोठा उचलला आणि "दीर्घकाळ", "जेवणानंतरची" आणि "डायबिटीसच्या पेशंटमध्ये" हे तिन्ही शब्द वाटेत गळाले. यात कोणी खोटं बोललं असं पण नाही. पेपरातून प्रेस नोटमध्ये, तिथून बातमीत, बातमीतून ग्रुपवर येईपर्यंत प्रत्येक जण एकेक अट काढून टाकतो आणि दावा मात्र फुगत जातो. त्यामुळे पेपर वाचायचा म्हणजे मुख्यतः गळालेल्या अटी परत गोळा करायच्या.

टक्के दिसले की पहिला प्रश्न, कशाचे टक्के. कुणाची जेवणानंतरची शुगर २०० असेल तर पंधरा टक्के म्हणजे ३०, ती १७० वर येईल. चांगलंय की, पण १७० म्हणजे नॉर्मल नव्हे, आणि आईच्या डोक्यात मात्र "उतरते" म्हणजे "जाते" असं बसलं होतं. टक्क्यांनी माणसं किती घाबरतात याचं एक उदाहरण ब्रिटनमधलं आहे. १९९५ मध्ये तिथे इशारा निघाला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका शंभर टक्के वाढतो, म्हणजे दुप्पट. बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. दुप्पट म्हणजे किती, तर सात हजार बायकांमध्ये एकीला व्हायचं ते दोघींना. दोन्ही वाक्यं खरीच आहेत, पण दुसरं आधी सांगितलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं. म्हणून "इतक्या टक्क्यांनी वाढलं" असं दिसलं की मूळ आकडा शोधायचा, आणि तो पेपरात कुठेच सापडला नाही तर मला तर डाउटच येतो.

पुढची गोष्ट जीआयची, आणि इथे मला खरोखर मजा आली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय मिळाला, आपल्या चादरीला तर त्याच्याही आधीपासून आहे, तो जीआय वेगळा, तो भौगोलिक मानांकनाचा. पेपरातला जीआय म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, एखादा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते त्याचं माप. ही कल्पना कॅनडात टोरांटोला १९८१ मध्ये मांडली गेली. दहाएक माणसं घ्यायची, ५० ग्रॅम कार्बोहायड्रेट मिळेल एवढा पदार्थ खाऊ घालायचा, दोन तास थोड्या थोड्या वेळानं रक्त तपासायचं, आणि त्याच माणसांना दुसऱ्या दिवशी तेवढंच ग्लुकोज देऊन तुलना करायची. ग्लुकोज म्हणजे १००. मग ५५ पर्यंत कमी, ५६ ते ६९ मध्यम आणि ७० किंवा वर जास्त. पेपरात भरडधान्यांचा सरासरी जीआय ५२.७ आलाय, पॉलिश केलेल्या तांदळाचा ७१.७ आणि रिफाइंड गव्हाचा ७४.२.

इथपर्यंत वाचून मी मामांना सॉरी म्हणायच्या तयारीत होते. पण ५२.७ च्या पुढे अधिक-उणे चिन्ह आणि १०.३ लिहिलं होतं. हे चिन्ह आपण सगळेच डोळ्याआड करतो आणि तेच करायचं नसतं. सरासरीच्या आजूबाजूला आकडे किती पसरलेत ते त्यात असतं. साधारण दोन-तृतीयांश आकडे ४२ ते ६३ च्या मध्ये पडतात असं समजा, म्हणजे काही धान्यं खूपच चांगली आणि काही मध्यम. सरासरीत सगळी एका ओळीत उभी केलीत, त्यामुळे आपली ज्वारी कुठे उभी आहे ते सरासरीवरून कळत नाही, त्यासाठी खाली जावं लागतं. खाली गेले तर राळं, बर्टी आणि आणखी काही धान्यं पहिल्या गटात, जीआय ५५ च्या खाली, आणि बाजरी, नाचणी, कोद्रा, सावा यांच्याबरोबर ज्वारी दुसऱ्या गटात, जीआय ५५ ते ६९, तुलनेच्या पदार्थापेक्षा १३ ते ३५ टक्के कमी. म्हणजे ज्वारी चांगलीच आहे, पण फोटो लावायचा असता तर राळ्याच्या भाताचा लावायला पाहिजे होता.

आणि तुलना कशाशी? हा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि तो सारांशात एका कोपऱ्यात असतो. इथे तुलना आहे पांढऱ्या तांदळाशी, रिफाइंड गव्हाशी, पांढऱ्या ब्रेडशी नाहीतर चक्क ग्लुकोजशी. आमची आई काय सोडून भाकरीवर आली? गिरणीतून कोंड्यासकट दळून आणलेल्या गव्हाची पोळी. मैदा नव्हे. मग या पेपरातला आकडा आईला जसाच्या तसा लागू होतच नाही, तिनं भात सोडला असता तर गोष्ट वेगळी. पेपर चुकीचा नाही, प्रश्नच वेगळा आहे. कुठलाही पेपर हातात घेतला की मी आता कुणावर केलं, काय दिलं, कशाच्या तुलनेत आणि काय मोजलं हे चार प्रश्न वहीत लिहिते आणि त्यांची उत्तरं मराठीत लिहिते. उत्तर मराठीत लिहिता आलं नाही तर समजायचं की मला ते कळलेलं नाही, मी नुसते इंग्लिश शब्द उचलून ठेवलेत.

माणसं किती होती हे पण बघायचं. ६५ अभ्यास म्हटलं की केवढं मोठं वाटतं, पण सगळे मिळून माणसं साधारण हजार. भागाकार करा, एका अभ्यासात पंधरा-सोळा. यावर लगेच "हे काय संशोधन झालं" असं म्हणू नका, मी म्हटलं होतं आणि माझीच चूक होती, कारण जीआय मोजायला दहा माणसांचीच पद्धत आहे हे वर आलंच. किती माणसं पुरे हे प्रश्नावर ठरतं. भारतात किती जणांना डायबिटीस आहे हे काढायचं होतं तेव्हा आयसीएमआरच्या इंडियाब सर्वेक्षणाला १,१३,०४३ माणसं तपासावी लागली, २००८ ते २०२० अशी बारा वर्षं लागली, आणि २०२३ मध्ये निकाल आला, ११.४ टक्के. तिथे पंधरा माणसं घेऊन कोण विश्वास ठेवेल.

एन हे अक्षर दिसलं की ती संख्या असते, पण कशाची संख्या ते बघायचं. या पेपरात एक वाक्य आहे, प्री-डायबेटिक लोकांमध्ये एचबीए१सी ६.६५ वरून ५.६७ वर आलं, आणि कंसात एन बरोबर १. मी दचकले, एका माणसावरून एवढं? तर तो एक अभ्यास आहे, एक माणूस नव्हे. तरी एकच अभ्यास. आणि लॅबवाली म्हणून आणखी एक गोष्ट खटकली. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींना चिकटलेली साखर, पेशी साधारण १२० दिवस जगतात म्हणून त्यावरून मागच्या तीनेक महिन्यांचा हिशोब कळतो. ६.५ आणि त्याच्या वर असेल तर आम्ही रिपोर्टवर डायबिटीसच्या रकान्यात दाखवतो, प्री-डायबिटीस ५.७ ते ६.४. मग ६.६५ वाले प्री-डायबेटिक कसे? असं खटकलं की शेवटच्या संदर्भांमधून तो मूळ अभ्यास काढायचा आणि त्यांनी कुठली व्याख्या धरली ते बघायचं. मला इथे सांगायचं एवढंच की तुमच्या रोजच्या कामातली माहिती पेपर वाचताना कामाला येते. भाषेची भीती वाटते पण शेतकऱ्याला पिकाचा पेपर आणि लूमवाल्याला सुताचा पेपर जिथे खटकेल तिथे पीएच.डी.वाल्याला कदाचित खटकणार नाही.

पी व्हॅल्यूबद्दल थोडक्यात, कारण यावर लोक पुस्तकंच्या पुस्तकं लिहितात. या पेपरात लिहिलंय की सावा सोडून सगळ्या भरडधान्यांचा जीआय सिग्निफिकंटली कमी, पी ०.०१ पेक्षा लहान. त्याचा अर्थ असा, समजा भाकरी आणि भात यांच्यात खरं तर काहीच फरक नाही, तरी निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात एकापेक्षा कमी. बास. "दावा ९९ टक्के खरा" असा अर्थ होत नाही, आणि सिग्निफिकंट म्हणजे महत्त्वाचा असाही नाही. लाखभर माणसं घेतली की शुगरमधला एका पॉइंटचा फरक सुद्धा सिग्निफिकंट निघतो, आईला त्याचा काय उपयोग? ०.०५ ची जी रेघ सगळीकडे वापरतात ती रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकातून रुळली, सोयीची म्हणून. २०१६ मध्ये तर अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेनंच निवेदन काढून सांगितलं की बाबांनो नुसत्या पी व्हॅल्यूवर निर्णय घेऊ नका.

त्यापेक्षा फॉरेस्ट प्लॉट वाचायला शिका, मेटा अ‍ॅनालिसिसच्या पेपरात ती आकृती असतेच आणि दिसायला भयंकर असली तरी दहा मिनिटांत जमते. मध्ये एक उभी रेघ, ती म्हणजे "काही फरक नाही". प्रत्येक अभ्यासाची एक आडवी काडी आणि काडीवर एक चौकोन. चौकोन म्हणजे त्या अभ्यासाचं उत्तर, चौकोन मोठा तर हिशोबात त्याचं वजन जास्त. काडी म्हणजे उत्तर कुठून कुठपर्यंत असू शकतं तो पल्ला, लांब काडी म्हणजे अंदाज सैल, आखूड म्हणजे घट्ट. काडी उभ्या रेघेला शिवली तर त्या एकट्या अभ्यासावरून फरक आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. आणि सगळ्यात खाली एक शंकरपाळी असते. ती शंकरपाळी म्हणजे सगळ्यांचं मिळून आलेलं उत्तर, रेघेपासून लांब असेल तर फरक दिसला, रेघेवर बसली तर नाही.

ही आकृती का मोलाची आहे ते कॉक्रेन नावाच्या, आरोग्यावरचे असे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करणाऱ्या संस्थेच्या लोगोत दिसतं, त्यांचा लोगो म्हणजे फॉरेस्ट प्लॉटच आहे. वेळेआधी बाळंत होणाऱ्या बाईला स्टेरॉइडची स्वस्तातली इंजेक्शनं दिली तर बाळ वाचायची शक्यता वाढते, याचा पहिला अभ्यास १९७२ मध्ये आला होता. मग आणखी येत गेले, पण पुष्कळ काड्या एकेकट्या उभ्या रेघेला शिवायच्या, म्हणून डॉक्टरांचा विश्वास बसेना. सगळ्या एका शंकरपाळीत आणल्या तेव्हा कुठे १९८९ च्या सुमाराला लख्ख दिसलं. मधल्या वर्षांत किती बाळं गेली असतील.

पण शंकरपाळीच्या आधी पिठात काय काय घातलंय ते पण बघायचं. आमच्या पेपरात एका देशातली नाचणीची लापशी, दुसरीकडचा राळ्याचा भात, कुठे भाकरी, कुठे बिस्किट, सगळं एका हिशोबात. अभ्यास एकमेकांपासून फार वेगळे असतील तर पेपरात त्याचं माप दिलेलं असतं, आय स्क्वेअर्ड म्हणतात, ते पाऊणशे टक्क्यांच्या पुढे असेल तर शंकरपाळी जरा जपून खायची.

डिस्कशनमध्ये क्रियापदं बघायची. "कमी करतं", "कमी करू शकतं", "कमी असण्याशी संबंध दिसला" ही तीन वेगळी वाक्यं आहेत. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात रसवंतीवर गर्दी असते आणि उन्हाच्या त्रासानं दवाखान्यात पण गर्दी असते, म्हणून उसाच्या रसानं ऊन लागतं असं कोणी म्हणत नाही, दोन्हीच्या मागे बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री आहे. पण हेच इंग्लिशमध्ये आणि तक्त्यात दिसलं की आपण फसतो. शेवटी लिमिटेशन्सचा परिच्छेद असतो तो वाचाच, लेखक स्वतःच आपल्या कामातल्या त्रुटी सांगतात. आणि सगळ्यात खाली पैसे कोणी दिले, हितसंबंध काय ते. इक्रिसॅटचं कामच ज्वारी-बाजरीचं आणि हा पेपर त्यांच्या स्मार्ट फूड नावाच्या मोहिमेतून आलेला, म्हणून तो खोटा ठरत नाही, पण आपलं पोर हुशार आहे असं आईनं सांगितलं तर आपण मार्कशीट पण बघतो की नाही, तेवढंच.

पेपर मिळवायचा कसा, तर हा फुकट होता. पुष्कळ पेपरना कुलूप असतं आणि एका पेपरचे दोन-तीन हजार रुपये मागतात, ते कधीच भरू नका. गूगल स्कॉलरवर नावाखाली सगळ्या आवृत्त्या दाखवणारी लिंक असते तिथे बघा, पबमेड म्हणजे वैद्यकीय पेपरांची फुकट सूची, तिच्यावर बघा, अनपेवॉल नावाचं फुकट टूल आहे, आणि काहीच नाही जमलं तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल टाका, लोक खरंच पाठवतात. सरकारी कॉलेज-विद्यापीठात असाल तर आणखी सोपं झालंय, वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स. माझा भाचा इथेच विद्यापीठात एम.एस्सी. करतोय, त्याला हे माहीतच नव्हतं, ग्रंथपालांना विचार म्हटल्यावर कळलं.

आणि फसवणुकीचं. मी स्वतः फसलेय म्हणून सांगते. डिप्लोमाचा प्रोजेक्ट झाल्यावर एका "आंतरराष्ट्रीय" जर्नलचा ईमेल आला, आदरणीय डॉक्टर वगैरे, मी कुठली डॉक्टर. अठराशे रुपये भरले, दोन दिवसांत पेपर स्वीकारला, तिसऱ्या दिवशी सर्टिफिकेट. दोन दिवसांत कोण तपासतं वो? एकाही शब्दाची दुरुस्ती आली नव्हती, माझ्या नावाचं स्पेलिंग सोडून, ते त्यांनीच चुकवलं होतं. यूजीसीची चांगल्या जर्नल्सची केअर यादी होती ती पण फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, आता आपलं आपण बघायचं, जर्नल पबमेडवर किंवा डीओएजे म्हणजे फुकट वाचता येणाऱ्या जर्नल्सच्या यादीत आहे का, संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का.

मोठ्या जर्नलमध्ये आलं म्हणजे डोळे मिटायचे असंही नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आठवतंय ना, २०२० मध्ये मेडिकलमध्ये मिळेनाशी झालेली गोळी. कोरोनाच्या पेशंटना त्या गोळीनं मृत्यूचा धोका वाढतो असा पेपर २२ मे २०२० ला लॅन्सेटमध्ये आला, ६७१ हॉस्पिटलं, ९६,००० पेशंट. ४ जूनला मागे घेतला, कारण ती माहिती ज्या कंपनीकडून आली ती मूळ डेटा दाखवायलाच तयार नव्हती. प्रीप्रिंट म्हणजे तपासणीच्या आधीच नेटवर टाकलेला मसुदा, त्याची तर आणखी तऱ्हा, कोरोनाच्या विषाणूत एचआयव्हीसारखे तुकडे सापडले म्हणून दिल्लीतल्या संशोधकांचा एक मसुदा ३१ जानेवारी २०२० ला आला आणि दोन दिवसांत त्यांनीच मागे घेतला. पण तो फॉरवर्ड आमच्या ग्रुपवर नंतर वर्षभर फिरत होता. म्हणून पेपर उघडला की आधी वर "रिट्रॅक्टेड" किंवा "प्रीप्रिंट" लिहिलंय का ते बघायचं.

वेळ किती लागतो विचाराल तर पहिल्या पेपरला मला तीन रविवार गेले. आता एक पेपर टाकायचा का ठेवायचा ते दहा मिनिटांत कळतं, नीट वाचायला दीड-दोन तास. एकाच विषयावरचे सात-आठ वाचले की तेच शब्द फिरून येतात आणि डिक्शनरी कमी लागते. भाच्यानं आणि मी एक पद्धत धरलीय, एकानं पेपर वाचायचा आणि दुसऱ्याला चहा होईपर्यंत सांगायचा, ऐकणाऱ्यानं फक्त "कशाच्या तुलनेत?" एवढंच विचारत राहायचं. फार त्रास होतो.

मामांना मी हे सगळं ग्रुपवर लिहून पाठवलं, एवढं मोठं नाही, जरा कमी. त्यांनी अंगठा टाकला आणि संध्याकाळी डाळिंबाच्या सालीचा फॉरवर्ड आला. आई मात्र वेगळीच निघाली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, त्या हजार माणसांत मी नव्हते ना, मग माझं मीच बघते. आता घरच्या ग्लुकोमीटरवर जेवणानंतर दोन तासांनी तपासते, एक दिवस पोळी, एक दिवस भाकरी, भाजी शक्यतो तीच, आणि आकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिते, पोळीचे निळ्या पेननं, भाकरीचे लाल. एन बरोबर एक, पण तुलना तिच्या स्वतःच्या पोळीशी आहे. डॉक्टरांना पण दाखवणारे. काल मी कॅलेंडर बघितलं तर सतरा दिवस भरलेत आणि मधला एक रकाना कोरा आहे. विचारलं तर म्हणाली, त्या दिवशी शेंगापोळी केली होती, तो दिवस धरायचा नाही.